भरती की एनडीए : बारावीनंतरचा हिशेब

बेळगावजवळ कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुठंही जा, पहाटे रस्त्यावर जवानांच्या भरतीसाठी सोळाशे मीटर मारणारी पोरं दिसतात. त्यातल्या किती जणांनी एनडीएचा, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, फॉर्म भरलाय विचारलं तर बोटं पुरतात. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र, सांबऱ्याला एअरमन घडवणारं हवाई दलाचं तळ. आपल्याला जवळून दिसतं ते लष्कर जवानांचं; अधिकारी दिसतो तो जाता-येता, गाडीत.

पैशाचं आधी उरकू. अग्निवीराला, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या जवानाला, पहिल्या वर्षी महिना ३०,०००, पण त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. बाहेर पडताना सरकारी वाटा आणि व्याज धरून पावणेबारा लाखांच्या घरात रक्कम मिळते. पेन्शन नाही, आणि कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. लेफ्टनंटचा मूळ पगारच ५६,१००. वर लष्करी सेवा वेतन १५,५००. कायम जवानाला तेच ५,२००. बर्फात दोघंही सारखेच कुडकुडतात, पण हा भत्ता हुद्दा बघून मिळतो.

खरा फरक पगाराच्या पावतीवर दिसत नाही. अधिकाऱ्याची मेस वेगळी, जवानाचा लंगर वेगळा, क्वार्टर्सच्या लाइनी वेगळ्या. घरच्यांचं उठणं-बसणंही बऱ्याचदा त्याच हिशेबानं होतं. मधे सुभेदार मंडळी. पंचवीसेक वर्षं घासून सुभेदार मेजर झालेला माणूस गावात आला की पारावरची माणसं उठून जागा देतात. पलटणीत मात्र तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटला तो सॅल्यूट ठोकतो. लेफ्टनंट त्याला ‘साहेब’च म्हणतो आणि शहाणा असेल तर त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तरी हुकूम लेफ्टनंटचाच. हे ज्याला खुपणार असेल त्यानं भरतीआधीच विचार करावा.

आत गेल्यावर वर चढता येत नाही असं नाही. आर्मी कॅडेट कॉलेजची वाट आहे : बारावी पास, किमान दोन वर्षं सेवा, लेखी परीक्षा, मग एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत आणि चाचण्या. निवड झाली की देहरादूनला तीन वर्षं आणि पुढं आयएमएत (भारतीय लष्करी अकादमीत) एक. पण ड्युटी सांभाळून हा अभ्यास करणारे थोडे, पार पडणारे त्याहून थोडे.

म्हणून माझं मत सरळ आहे : आधी वरच्या दारावर टकटक करा. एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा. गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीतच. मराठी माध्यमाच्या पोरांची गाडी इथंच अडते. अग्निवीरची लेखी परीक्षा आता मराठीत आणि कन्नडमध्येही देता येते, हा भरतीचा मोठा फायदा. एनडीए हुकली तर पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी होण्याची परीक्षा आहे. कॉलेजात एनसीसी करून ‘सी’ सर्टिफिकेट मिळवलं तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी गाठता येतं. ही वाट आपल्याकडे कुणी सांगतच नाही.

मुलींसाठी तर प्रश्न जवळपास सुटलेलाच आहे. आर्मीत जवान म्हणून त्यांना फक्त मिलिटरी पोलिसांत जागा. एनडीएचं दार २०२२ पासून उघडं.

घरी कर्ज आहे, धाकटी भावंडं शिकताहेत, तर एनडीएची तीन वर्षं आणि पगाराची वाट बघणं परवडत नाही. तिथं भरतीच बरी, मात्र चार वर्षांनंतर काय करायचं ते पहिल्या वर्षीच ठरवून. पोरगं अजून पाचवीत असेल तर बेळगावातच राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे. तिथं सहावीला आणि नववीला प्रवेश मिळतो आणि जवानांच्या मुलांसाठी जागा जास्त राखीव असतात. हवालदार बापाचा पोरगा अधिकारी होण्याची इतकी जवळची सोय फार थोड्या गावांत असेल.

एनडीएचे फॉर्म साधारण डिसेंबरात आणि मे महिन्यात निघतात. भरतीचाही सोबत भरा. दोन्हीकडे नशीब अजमावायला कुणाची आडकाठी नाही.