सिमेंट रस्त्यांच्या नागपुरात सीटपोस्ट कोणता घ्यावा?

सीटपोस्ट, म्हणजे सायकलची सीट ज्यावर बसते तो दांडा, बदलण्यापूर्वी आपल्याला नेमका कशाचा त्रास होतो, हे ओळखले पाहिजे. खरबरीत डांबरावर बारीक, अखंड थरथर जाणवते. नागपुरातील सिमेंट रस्त्यांवर मात्र ठराविक अंतराने येणाऱ्या आडव्या सांध्यांचे आणि गतिरोधकांचे दणके थेट माकडहाडापर्यंत पोहोचतात. या दोन त्रासांवर एकच उपाय नाही आणि निवडीतली बहुतेक चूक इथेच होते.

सायकलीसोबत येणारा ॲल्युमिनियमचा साधा सीटपोस्ट टिकाऊ आणि स्वस्त असतो, पण तो फारसा लवत नाही. त्याच्या जागी कार्बनचा घेतल्यास थरथर कमी होते. त्यातही २७.२ मिमी व्यासाचा सीटपोस्ट ३१.६ मिमीच्या सीटपोस्टपेक्षा अधिक लवतो आणि फ्रेमबाहेर त्याची लांबी जितकी जास्त, तितका फरक स्पष्ट जाणवतो. फ्रेम लहान आणि सीटपोस्ट लांब बाहेर असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. फ्रेम मोठी असून चार बोटेच दांडा दिसत असेल, तर माझ्या मते तो पैसा वाया जातो. कार्बनला ग्रीस न लावता त्यासाठीची खास पेस्ट लावावी आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), सीटपोस्टवर छापलेल्या मर्यादेत आवळावा.

दणक्यांसाठी मात्र खरोखर हलणारा सीटपोस्टच हवा. त्यातील टेलिस्कोपिक प्रकारात नळीच्या आत स्प्रिंग असते आणि नळीत नळी सरकते. तो परवडतो, परंतु त्याची हालचाल नळीच्याच दिशेने होत असल्याने सीट दबली की पॅडलपर्यंतचे अंतर कमी होते. शिवाय घर्षणामुळे लहान धक्क्यांना तो दादच देत नाही. कालांतराने सीट डावी-उजवीकडे किंचित हलू लागते, आणि धुळीच्या रस्त्यांवर त्याची सफाई वारंवार करावी लागते.

दुसरा प्रकार समांतरभुज जोडणीचा, म्हणजे बिजागरीसारख्या समांतर दांड्यांवर सीट हलवणारा. हा सीटपोस्ट खाली आणि मागे झुकतो, त्यामुळे पॅडलपासूनचे अंतर जवळपास कायम राहते आणि लहान धक्क्यालाही तो लगेच प्रतिसाद देतो. रेडशिफ्टच्या शॉकस्टॉपला ३५ मिमी, तर सनटूरच्या एनसीएक्सला ५० मिमी हालचाल मिळते. वजन अर्धा किलो किंवा त्याहून अधिक आणि किंमतही मोठी, तरीही रोज सिमेंटवरून ये-जा करणाऱ्याला किंवा रामटेकपर्यंत लांब फेरी मारणाऱ्याला मी निःसंकोचपणे हाच सुचवीन. केन क्रीकच्या थडबस्टरमध्ये स्प्रिंगऐवजी इलास्टोमर, म्हणजे रबरासारखा लवचिक तुकडा असतो. तो उन्हात मऊ आणि थंडीत कडक होत असल्यामुळे ४५ अंशांच्या मे महिन्यात एक पायरी कडक तुकडा बसवून पाहणे योग्य ठरते. कोणत्याही प्रकारात स्प्रिंग किंवा इलास्टोमर आपल्या वजनानुसार निवडला नाही, तर महागडा सीटपोस्टही निरुपयोगी ठरतो.

खरेदीपूर्वी जुन्या सीटपोस्टवर कोरलेला व्यास वाचावा; नव्याचा व्यास कमी असल्यास शिम (फट भरणारी पातळ नळी) बसवता येते, जास्त असल्यास काहीच करता येत नाही. सीटखालच्या रेलपासून (सीट ज्यांवर बसते त्या दोन सळ्यांपासून) फ्रेमच्या क्लॅम्पपर्यंतचे (सीटपोस्ट आवळणाऱ्या पकडीपर्यंतचे) अंतरही मोजावे, कारण जोडणीच्या सीटपोस्टला तेवढी जागा लागते. आणि टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब रोज भरत असाल, तर आधी हवा थोडी कमी करून आठवडाभर सायकल चालवावी. त्यानंतरही दणके बसत असतील, तरच दुकानाची पायरी चढावी.