मिसिंग शोधताना: कॉम्प्रेशन गेज की हवा भरून गळती-तपासणी?

नव्याने बांधलेल्या १४८९ सीसी अँबेसेडर इंजिनाचा एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाला दोष देऊ नये, कारण पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला तर सगळेच सिलिंडर अडखळतात. प्लग, वायर आणि १-३-४-२ हा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) तपासल्यावर दोन मार्ग उरतात: कॉम्प्रेशन गेज आणि गळती-तपासणी.

सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज स्वस्त असून त्याला फक्त चांगली बॅटरी लागते. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारायचा. दाब कमी आढळलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडल्यावर आकडा वाढला तर संशय पिस्टनच्या रिंगवर, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर. मात्र नव्या रिंग अजून सिलिंडरला घासून नीट बसलेल्या नसतात, म्हणून आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा.

गळती-तपासणीला सिलिंडरमध्ये हवा भरण्यासाठी एअर कॉम्प्रेसर लागतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन नेमका वर आणावा लागतो. पण ही तपासणी गळतीची नेमकी जागा दाखवते. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरण्याच्या तोंडातून जास्त आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट.

माझ्या मते आधी टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) मोजावा, मग गेज लावावा, आणि हेड उतरवण्यापूर्वी गळती-तपासणी केलीच पाहिजे. दाब कमी असूनही गळती नसेल, तर व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट पाहावा.