न्यू जर्सीतलं नाण्यांचं दुकान – जुने चांदीचे डॉलर दाखवायला गेलो होतो, त्याचा रिव्ह्यू (पाचपैकी साडेचार स्टार)

एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो) बिस्किटांच्या डब्यात सात डॉलर मिळाले. आधी मी वेड्यासारखा एका सोनं विकत घेणाऱ्याकडे गेलो, त्याने सातही एकदम काट्यावर टाकले, एकाचंही साल बघितलं नाही, मोडीचा भाव सांगितला आणि वर म्हणे आजच द्या, उद्या भाव पडेल. उठलोच तिथून.

मग ऑफिसमधल्या एकाने हे दुकान सांगितलं, एडिसनपासून वीसेक मिनिटं. दुकान म्हणजे एक खोली, पण दुकानदार आजोबांनी काउंटरवर मखमल टाकली, प्रत्येक नाणं कडेला धरून उचललं आणि सरळ उलटं केलं. म्हणाले, साल सगळेच बघतात, तुम्ही टांकसाळीची खूण बघा. मॉर्गन डॉलरवर (माझ्या सातपैकी सहा याच जुन्या प्रकारचे) ती मागे, गरुडाखालच्या पानांच्या हाराच्या गाठीखाली असते. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सीसी म्हणजे कार्सन सिटी, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया.

माझ्याकडे एक 1889 सीसी होतं! नेटवर वाचून मी हवेत, कारण कार्सन सिटीत त्या वर्षी साडेतीनच लाख पाडले होते आणि फिलाडेल्फियात दोन कोटींच्या वर. वजन बरोबर भरलं, 26.7 ग्रॅम. आजोबांनी भिंग माझ्याच हातात दिलं, बघा म्हणाले. दोन्ही सी च्या कडेने बारीक रेघ, डिंक सुकल्यासारखी. नाणं खरं, चांदी खरी, अक्षरं नंतर कोणीतरी चिकटवलेली. नुसता वजनकाटा घेऊन बसलो असतो तर हे जन्मात कळलं नसतं.

चार मॉर्गन 1921 ची निघाली, ती पोत्याने मिळतात, चांदीच्या भावापेक्षा थोडंच वर. 1923 चं पीस डॉलर (मॉर्गननंतरचा प्रकार) पण तसंच. हिशोब सोपाय, दोन्ही प्रकारात चांदी 90 टक्के म्हणजे साधारण 24 ग्रॅम, त्या दिवशीच्या भावाने गुणा, त्याच्या खाली कोणी मागितलं तर देऊ नका.

1881 एस चं दुःख वेगळंच. सॅन फ्रान्सिस्कोची त्या काळातली नाणी चकाकीसाठी नावाजलेली, आणि आमच्या मातोश्री साताऱ्याहून आल्या होत्या, काळं पडलंय म्हणून टूथपेस्टने लख्ख घासून ठेवलं. आजोबांनी दिव्याखाली तिरकं धरलं, केसासारखे ओरखडे दिसले, किंमत निम्म्याच्या खाली. तो काळपटपणाच लोकांना हवा असतो म्हणे, काय करणार.

मी भारतातला कळल्यावर आजोबा खुलले. 1918 च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने 27 कोटी डॉलर वितळवले, त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी रुपये पाडायला हिंदुस्थानात नेली. आईला सांगितलं तर म्हणते, मग आपल्या देवघरातल्या राजाछाप रुपयात यांचंच नाणं असेल की.

तपासायचे पैसे घेतले नाहीत. मी 1921 ची दोन विकली, भाव गुगलच्या थोडा खाली पण त्यांनी हिशोब कागदावर मांडून दाखवला. अर्धा स्टार पार्किंगचा कापला, आणि अल्बम जाम महाग आहेत, ते ऑनलाइन घ्या. रविवार सोमवार बंद, फोन करून जा, आणि नाणी आहेत तशीच न्या.