लिक्विडेटरला अडवतो म्हणाला आणि आमचीच मुदत घालवली

तळोज्याला 2013 साली वन बीएचके बुक केलेला. पुढे बिल्डरची कंपनी दिवाळखोरीत निघून एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात गेली, ती वाचवायचा प्लॅन घेऊन कोणी आलं नाही आणि शेवटी लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी बंद करणं. हे काम बघणाऱ्या लिक्विडेटरने माझ्या 18 लाखांच्या क्लेमपैकी (येण्याच्या दाव्यापैकी) 11 लाखच धरले, कारण 7 लाखांच्या पावत्या त्याच बिल्डरच्या दुसऱ्या कंपनीच्या निघाल्या. असा क्लेम नाकारला की 14 दिवसांत दिवाळखोरी कायद्याच्या कलम 42 खाली अपील करायचं असतं, पण ते तेव्हा कोणाच्या बापाला माहीत!

2022 मध्ये कळलं की जमीन विकून झाली आणि लिक्विडेटरने अर्ज टाकलाय, कंपनी विसर्जित करा आणि मला मोकळं करा. आमच्या हातात रुपयाला दहा पैसेही नाहीत आणि हा सुटणार म्हटल्यावर आम्हा फ्लॅटवाल्यांच्या ग्रुपवर सगळे नुसते पेटले होते. तेवढ्यात तिथे एक गृहस्थ उगवला, वाशीला ऑफिस, सगळे त्याला वकीलसाहेब म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागलो. म्हणाला, लिक्विडेटरच्या अर्जाला विरोध टाकतो, हिशोब तपासल्याशिवाय सुटू देत नाही, माणशी 30 हजार. मी 3 हप्त्यांत जीपे केले. प्रत्येक वेळी फोनवर सांगायचा, काका रिमार्कमध्ये "हातउसने परत" लिहा, मला टॅक्सचा त्रास नको. मी लिहिलं. बायको तेव्हाच म्हणाली होती, आपण कधी घेतले त्याच्याकडून?

वकालतनाम्यावर सही नाही, अ‍ॅफिडेव्हिट नाही, नोटरी नाही. आता वाटतं तिथेच कळायला हवं होतं, कारण अर्ज माझ्या नावाने जाणार तर अ‍ॅफिडेव्हिट माझंच लागणार ना. पण त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेली पीडीएफ पाठवली आणि मी निश्चिंत झालो. नंतर विचारलं की एकच उत्तर, तारीख पुढे गेली.

भाऊबीजेला डोंबिवलीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा सीएस (कंपनी सेक्रेटरी) करतोय, त्याला कौतुकाने ती पीडीएफ दाखवली. त्याने शिक्का झूम केला, 14 ऑगस्ट 2022. मोबाइलचं कॅलेंडर उघडून म्हणाला, मामा हा रविवार आहे. आणि खरंच, त्या दिवशी तर आम्ही सोसायटीत हर घर तिरंगाचे झेंडे बांधत होतो! मग त्याने एनसीएलटीच्या साइटवर मुंबई बेंच निवडून कंपनीचं नाव टाकलं. केस निघाली, ऑर्डरही निघाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कंपनी विसर्जित, लिक्विडेटर मोकळा. आमच्या विरोधाचा ऑर्डरमध्ये एक शब्द नाही. दिल्लीला एनसीएलएटीत, म्हणजे एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणात, अपिलाला 30 दिवस असतात, योग्य कारण दाखवलं तर वरचे 15, त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. आमचे संपून आठवडा झाला होता.

तरी हार्बरने सीएसएमटीला उतरून कफ परेडला एनसीएलटीत जाऊन आलो, म्हटलं साइटवर चढायचं राहिलं असेल. काउंटरवर सांगितलं असा अर्ज आलेलाच नाही. तिथेच कळलं की पक्षकार स्वतः उभा राहू शकतो, नाहीतर सहसा वकील, सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंट लागतो. आमचे साहेब यातले कोणीच नव्हते. फोन केला तर म्हणे, ऑनलाइन दिसायला वेळ लागतो काका. नंतर ब्लॉक.

लिक्विडेटरच्या वागण्याबद्दल आयबीबीआयकडे, म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी बोर्डाकडे, वेगळी तक्रार करता येते, पण त्याने माझे 7 लाख क्लेममध्ये बसत नाहीत. ज्यांची केस अजून चालू आहे त्यांनी कोणी काहीही पाठवलं तरी एनसीएलटीच्या साइटवर आधी स्वतः केस नंबर टाकून बघा, 2 मिनिटं लागतात.

या वाशीच्या माणसाची पोलिसात तक्रार दिली. हवालदाराने बँक स्टेटमेंटवर बोट ठेवून विचारलं, हे तर तुम्ही त्याचे उसने घेतलेले फेडताय ना? आणखी कोणाला त्याने हाच रिमार्क टाकायला लावला असेल तर स्टेटमेंट काढून ठेवा, मला 4 जण मिळालेत, सगळ्यांचे सारखे निघाले तर काहीतरी होईल.