सदतिसाव्या वर्षी दातांना तारा : एकवीस महिने आणि एक हरवलेला रिटेनर

माझा वरचा डावा सुळा गेली पंचवीस वर्षं शेजारच्या दाताच्या अंगावर चढून बसला होता. खालचे पुढचे चार दात सिटी बसमधल्या गर्दीसारखे खांदे वळवून उभे. दिसण्याचं म्हणाल तर लग्न झालं, मुलगी बारा वर्षांची झाली, कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते हिरड्यांपाशी. दात साफ करून आणले की दोन-तीन महिन्यांत त्याच खाचांत पुन्हा किटण, आणि ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी. ब्रश पोचतच नाही तर दोष द्यायचा कुणाला?

आधी एका दवाखान्यात गेले. एक्स-रे नाही, माप नाही, आणि 'सहा महिन्यांत सरळ, एकही दात काढायचा नाही' असं आश्वासन. मी भाबडी, पाच हजार ॲडव्हान्स देऊन आले. घरी नवऱ्याने विचारलं, "मग जागा कुठून आणणार आहेत ते?" पैसे परत मिळाले नाहीत.

दुसरीकडे ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने, अख्ख्या जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) काढला, बाजूने डोक्याचा एक्स-रे घेतला, साचे घेतले आणि ते साचे समोर ठेवून मोजून दाखवलं: वरच्या जबड्यात ८ मिलिमीटर जागा कमी. एक-दोन मिलिमीटरचा प्रश्न असता तर दातांच्या कडा किंचित घासून भागलं असतं. माझ्या बाबतीत सुळ्यामागच्या चार छोट्या दाढा काढायच्या ठरल्या. अशी एक दाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे वरच्या दोन काढल्या की जागा पुरून उरते. आणि त्याआधी हिरड्यांचे उपचार. हिरडी सुजलेली असताना दात हलवले तर आधाराचं हाडच जातं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आईला हे अजिबात पटलं नाही. "चांगल्या धडधाकट दाढा काढायच्या? अक्कलदाढ काढ की, तीच पुढे ढकलते सगळ्यांना." डॉक्टरांनी हसून सांगितलं, तसा समज सगळीकडे आहे, पण अभ्यासांत तो सिद्ध झालेला नाही. वयाबरोबर खालच्या पुढच्या दातांची दाटी ज्यांना अक्कलदाढा नाहीत त्यांचीही वाढते. आई मला म्हणाली, "त्यांना काय माहीत."

जून २०२३ मध्ये तारा लागल्या. पहिली तार ०.०१४ इंचाची, निकेल-टायटॅनियमची. वाकवून सोडली की पुन्हा मूळ आकारात येते. हा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेतला, कामाला लागला माझ्या तोंडात. तार दाताला ढकलते, ज्या बाजूला दाब पडतो तिकडचं हाड विरतं आणि मागे राहिलेल्या जागेत नवं भरतं. हे वाचायला छान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मऊ पोळीचा तुकडासुद्धा तोडवेना. चार दिवस मऊ भात-वरण. थंडगार शिकंजीचा घोट तोंडात धरला की बरं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, ही तार गारव्यात थोडी ढिली पडते. इंदूरच्या जूनमध्ये याहून गोड औषध सापडायचं नाही.

आता माझी स्वतःची चूक. ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेले तुकडे, दिसू नयेत म्हणून सिरॅमिकचे घेतले, त्यावर पारदर्शक रबरी कड्या. आठवड्याने आरशात पाहिलं तर प्रत्येक दातावर पिवळी टिकली. हळद! वरणातली, पोह्यांतली, आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्यातलीसुद्धा. या गावात राहून पारदर्शक कड्या घेणं म्हणजे रंगपंचमीच्या गेरीत, रंगांच्या मिरवणुकीत, पांढरी साडी नेसून जाणं. पुढच्या वेळी मुकाट्याने राखाडी घेतल्या.

खाण्यात सगळ्यात मोठा वैरी शेव. मऊ दिसते, पण तारेखाली जाऊन चिखल होतो. सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मला उरलं भुट्ट्याचं (मक्याचं) कीस आणि दहीवडा. हिवाळ्यात सगळे गराडूवर, तळलेल्या कंदावर, तुटून पडलेले, मी आपली कीस खातेय. संक्रांतीला शेजारच्या काकूंनी आग्रहाने दिलेली तिळाची वडी चावली आणि मागचा ब्रॅकेट निखळून जिभेवर आला. काकूंना तो तीळच वाटला.

रोज रात्री पंधरा मिनिटं सफाई: साधा ब्रश, मग तारेखालून जाणारा बारीक ब्रश, मग फ्लोराइडचं माउथवॉश. यात कंटाळा केला की ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग पडतात. एका दातावर माझ्या पडलाच आहे, प्रवासात आठवडाभर केलेल्या आळसाचा.

पहिल्या पाच महिन्यांत सुळा खाली उतरला आणि लोक विचारू लागले. नंतर नऊ-दहा महिने काहीच घडत नाही असं वाटतं. काढलेल्या दाढांच्या जागा रबरी साखळीने महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर मिटत असतात. याच काळात माझा धीर सुटला होता.

एक गोष्ट आधी कुणी सांगितली नाही. खालचे दात सरळ झाल्यावर त्यांच्यामध्ये हिरडीलगत बारीक काळे त्रिकोण दिसू लागले. मोठ्या वयात, हिरडी आधीच खाली गेली असेल तर, हे होतं म्हणे. जाहिरातीतल्या फोटोंत हे त्रिकोण कधी दिसत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये तारा निघाल्या. सगळा खर्च बुडालेले पाच हजार धरून ७१ हजार. बेसिनमधलं पाणी आता पांढरंच असतं. हिरड्यांच्या डॉक्टरांनी यंदा पहिल्यांदा काही खरवडलं नाही. एवढ्यासाठी मी पुन्हा करेन.

राहिला रिटेनर. दात जुन्या जागी परतायला टपलेले असतात, त्यामुळे खाली मागून बारीक तार कायमची चिकटवली आहे आणि वर काढता-घालता येणारं पारदर्शक कवच. दोन महिन्यांपूर्वी भाच्याच्या मुंजीत जेवताना मी ते टिशूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलं. आवरताना सासूबाईंनी नेटकेपणाने टिशू सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला आठवेपर्यंत कचरागाडी गाणं वाजवत वळणापलीकडे गेली होती. नवीन साडेतीन हजारांना पडलं. घरात अजून वाद चालू आहे, खरं तर ते प्लास्टिक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात जायला हवं होतं की नाही.