फ्रेमवाले वायपर की फ्लॅट: पावसाळ्याआधी घेताना

मे महिन्याच्या शेवटी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात की दुकानदार गाडीचं मॉडेल विचारतो आणि काउंटरवर वायपरच्या दोन जोड्या ठेवतो. एक जुन्या घडणीची, लोखंडी कमानींची, म्हणजे फ्रेमवाली. दुसरी काळी, सडसडीत, कुठे सांधा म्हणून न दिसणारी, ती फ्लॅट. पहिलीकडे हात करून म्हणतो, "ही साधी." दुसरीकडे हात करून, "आणि ही चांगली, साहेब." किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक. मागे दोघं जण ऑइल फिल्टरसाठी ताटकळत असतात, त्यामुळे फार विचार न करता माणूस 'चांगली' उचलतो. २०१९ साली मीही उचलली. आज माझ्या गाडीवर 'साधी' आहे.

गाडी २०१४ ची हॅचबॅक. आठवडाभर पुण्यात फिरते आणि महिन्यातून एक-दोनदा ताम्हिणी उतरून माणगाव, महाड, पोलादपूर करत चिपळूणजवळच्या गावी जाते. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाटमाथ्यावर जुलैत एखादा आठवडा धरला की तेवढा त्या आठवड्यातच होऊन जातो. तेव्हा तुमची गाडी कोथरूड ते हडपसर एवढीच जाणार असेल, तर खरं सांगायचं तर दोन्हींपैकी कुठलीही जोडी घ्या, नवी असली म्हणजे झालं.

फ्रेमवाल्यात वायपरच्या दांड्याचा, म्हणजे त्यातल्या स्प्रिंगचा, जोर आधी मोठ्या कमानीवर येतो, तिच्यावरून छोट्या कमानींवर, आणि त्यांच्या टोकांच्या चिमट्यांनी रबर सहा-आठ ठिकाणी धरलेलं असतं. प्रत्येक सांधा हलता असल्यामुळे काच जशी वळेल तसं रबर तिच्या मागे जातं. फ्लॅटमध्ये कमानी नाहीत. रबराच्या पाठीत पोलादी पट्टी असते, आधीच बाक देऊन ठेवलेली. दांड्यानं ती काचेवर दाबली की बाक उलगडतो आणि जोर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पसरतो. रचना म्हणून मला हीच जास्त आवडते. फक्त पट्टीचा बाक तुमच्याच काचेशी जुळायला हवा. कंपनीतून फ्लॅट लावूनच आलेल्या गाडीत तो जुळवलेला असतो. दुकानात 'सगळ्या गाड्यांना चालते' म्हणून जी मिळते, ती कुठल्यातरी सरासरी काचेसाठी घडवलेली असते. माझ्या गाडीची काच बहुधा त्या सरासरीत बसत नव्हती.

पहिला पावसाळा छान गेला. आवाज नाही, थरथर नाही, गाडीही जरा नवी दिसायला लागली. दुसऱ्या वर्षी जूनमध्येच चंद्रकोर उगवली.

चंद्रकोर हे मी तिला दिलेलं नाव. वायपरची दोन्ही टोकं काचेला नीट टेकायची, पण मधला वीतभर भाग हलकाच फिरायचा. पुसल्यावर तिथे पाण्याचा एक पातळ, वाकडा पट्टा मागे राहायचा, बरोबर चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत. दिवसा त्याचं काही वाटत नाही. रात्री घाटात समोरून ट्रक आला की त्याचे दोन दिवे त्या पट्ट्यात फुटून सबंध काचभर पसरायचे, आणि पुढचे दोन-तीन सेकंद रस्त्याची कड कुठे आहे हे अंदाजानंच. मी नकळत मान खाली घालून स्टिअरिंगच्या वरच्या कडेलगत बघत चालवायला लागलो. बायको म्हणाली, "असा काय वाकून बसलायस? मान धरेल." धरलीच.

उपाय करून पाहिले. टपरीवर चहाला थांबलो की ओल्या फडक्यानं रबर पुसायचं, पुढची दहा मिनिटं बरी जायची. काच शाम्पूनं दोनदा धुतली. डिझेलच्या धुराचा आणि गॅरेजवाल्यांच्या पॉलिशचा तेलकट थर काचेवर बसतो आणि वायपरच्या निम्म्या तक्रारी त्याच्यामुळे असतात, म्हणून ब्लेड बदलण्याआधी हे प्रत्येकानं करावं. माझी कोर तेवढ्यानं गेली नाही. दुकानदारानं कुरकुर न करता त्याच बनावटीची दुसरी जोडी दिली. कोर दोन बोटं खाली सरकली, एवढंच.

शेवटी माणगावात एका मेकॅनिकनं दांडा उचलून सोडून पाहिला. "दादा, स्प्रिंग थोडी मऊ झालीय. हिला जोर पुरत नाही. साधी लावून बघा." तीन मिनिटांत त्यानं फ्रेमवाली जोडी लावली. त्या रात्री पोलादपूरच्या पुढे धो धो पाऊस होता आणि मी पाठ टेकून गाडी चालवली. आता नवी स्प्रिंग टाकली असती तर फ्लॅटही चाललं असतं का? चाललं असतं कदाचित. ते करून बघायची माझी हौस तोवर संपली होती.

फ्लॅटची बाजू लंगडी आहे असं मात्र नाही. बॉशनं १९९९ साली एअरोट्विन नावानं हा प्रकार बाजारात आणला, आणि त्याचे दोन मोठे फायदे युरोपातल्या रस्त्यांवर चटकन कळतात. सांधे नसल्यामुळे बर्फ अडकून ब्लेड आखडत नाही, आणि वेगात वारा आत शिरून ते काचेवरून उचललं जात नाही. यातला बर्फ आपल्याकडे बाद. वाऱ्याचं मात्र खरं आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर काटा नव्वदच्या पुढे गेला की माझे फ्रेमवाले वरच्या टोकाला किंचित फडफडतात आणि तिथला वळसा नीट पुसला जात नाही. रोज त्याच रस्त्यानं जाणारा माणूस असेल तर त्यानं फ्लॅट घ्यावं, मी अडवणार नाही. ताम्हिणीत पावसात चाळीसनं गेलं तरी पुष्कळ. तिथे वारा ब्लेड उचलण्याइतका जोर करत नाही.

फ्रेमवाल्याची खोड म्हणजे गंज. दोन-तीन वर्षांत रिव्हेटांपाशी रंग उडतो आणि सांधे जड होतात. झाडाखाली गाडी लावलीत तर पानाचे देठ कमानींत अडकतात. दिसायलाही ते जुनाट, नव्या गाडीवर तर सफारी सुटासारखे दिसतात.

पण माझं पारडं खरं झुकवलं ते उन्हानं. आपल्याकडे वायपर चार महिने काम करतो आणि आठ महिने तापलेल्या काचेवर एका कुशीवर पडून भाजत राहतो. रबराची धार पुसताना दर फेरीला कूस बदलते, जाताना एकीकडे आणि येताना दुसरीकडे. आठ महिन्यांत ती एका बाजूला कडक झाली की वळत नाही, काचेवर उड्या मारते आणि भुरभुर पावसात टर्र टर्र ऐकू येतं. यात साधं-चांगलं असा भेद नाही, ऊन दोघांनाही सारखंच भाजतं. आमच्या सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा धुऊन झाली याची पावती म्हणून वायपर उभे करून जातो. उन्हात तेवढं रबर वाचतं म्हणून मला ते बरं वाटायचं, पण दुपारभर ताणून राहिलेल्या स्प्रिंगचं काय होत असेल हा विचार माणगावनंतर सुटलेला नाही. आता सकाळी खाली उतरलो की पहिल्यांदा ते आडवे करतो.

तर रबर दरवर्षी मरणारच, असं धरून चालायचं. फ्रेमवाल्यात नुसतं रबर बदलता येतं. माणगाव, महाड, खेड, कुठल्याही गावात स्पेअर पार्टवाल्याकडे लांब पट्टी मिळते, तो ती मापानं कापून देतो. मला गेल्या खेपेला दोन्ही बाजूंचे मिळून दीडशे रुपये पडले. जुन्या रबरात दोन्ही बाजूंनी पोलादाच्या बारीक पात्या असतात, त्या टाकून देऊ देऊ नका, नव्या पट्टीबरोबर त्या येतीलच असं नाही. त्या उलट्या घातल्या तर रबर चिमट्यातून सरकून बाहेर येतं. फ्लॅटचं सुटं रबर शहरात मिळतं म्हणतात. तालुक्याच्या गावी मला तरी अजून मिळालेलं नाही, तिथे 'जोडीच घ्या' हेच उत्तर.

मधला एक प्रकार हायब्रिड, म्हणजे आत कमानी आणि वरून प्लॅस्टिकचं कवच. वाईट नाही; कवचाचे पैसे दिसण्यासाठी मोजायचे की नाही ते आपलं आपण ठरवावं. सिलिकॉनचं रबर जास्त टिकतं, पण मी ते वापरलेलं नाही.

बदलण्याचं काम घरी होतं. एक चूक तेवढी माझ्या हातून होता होता राहिली. ब्लेड काढलं की उघडा लोखंडी दांडा स्प्रिंगच्या जोरावर ताठ उभा असतो. धक्का लागून तो खाली आपटला तर काच तडकते. आधी काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा, मग ब्लेडला हात घाला. हुकापाशी छोटी प्लॅस्टिकची कळ दाबायची, ब्लेड दांड्याच्या बुडाकडे ओढायचं, की ते हुकातून सुटतं. नवं घालताना 'टक' असा आवाज आला पाहिजे. माप दोन्ही बाजूंचं वेगळं असतं, चालवणाऱ्याकडचं बहुधा लांब, म्हणून जुनी पट्टी टेपनं मोजून मगच दुकानात जा. इंचभर लांब घेतलंत तर दोन्ही वायपर मधे एकमेकांना धडकतात.

थोरल्या भावाच्या २०२१ च्या गाडीला कंपनीचेच फ्लॅट आहेत. गेल्या गणपतीत रात्री त्याच घाटातून ती गाडी मी चालवत आणली, पाऊस पडत होता आणि कोर कुठेच दिसली नाही. तो मला चिडवत होता. मी एवढंच म्हटलं, "दादा, बदलशील तेव्हा याच मापाचे, याच कंपनीचे घे. दुकानदार 'सगळ्या गाड्यांना चालते' म्हणाला तर घेऊ नकोस." माझी ती 'चांगली' जोडी अजून डिकीत स्टेपनीखाली पडून आहे. त्याला देऊ केली, पण त्यानं घेतली नाही.