धुळ्यातल्या ताईंकडून जुने कागद दुरुस्त करून घेतले आणि मोडी वाचून घेतली, माझा अनुभव (5 पैकी साडेचार)

बऱ्याच जणींनी मेसेज करून विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घरात मोडीतले दस्त, फाटलेल्या पावत्या, वाळवी लागलेल्या वह्या असं काही असेल आणि तुम्ही खान्देशात कुठेही राहत असाल तर धुळ्यात एकत्र मिळून काम करणाऱ्या या काही ताईंकडे जा. पाटी अजून लावलेली नाहीये, जुन्या धुळ्यात एका वाड्याच्या माडीवर दोन खोल्या आहेत. नंबर सगळीकडे टाकू नको म्हणाल्या, रात्री-अपरात्री फोन येतात, त्यामुळे ज्याला हवा त्याने मला मागा.

मी अमळनेरची. आजी गेल्यावर तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली, वरती तिची दोन लुगडी आणि खाली लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेला रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, त्यात साठेक कागद. घडीवर फाटलेले, कडा कसरीने खाल्लेल्या, काही तर हात लावला की पापडासारखे तुटायचे. आणि मी पहिली चूक ही केली की त्यातला एक चांगला दिसणारा कागद जवळच्या एका दुकानातून लॅमिनेट करून आणला, म्हटलं आता शंभर वर्ष टिकेल. ताईंनी तो हातात घेतला आणि थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग समजावलं की तापवून चिकटवलेलं प्लास्टिक आता निघत नाही, ओढायला गेलं तर शाईसकट वरचा थर निघून येतो. तो कागद गेला तो गेलाच. कृपा करून लॅमिनेशन करू नका, आणि सेलोटेप पण लावू नका, काही वर्षांनी टेप सुटते आणि पिवळा डाग तेवढा कायमचा राहतो.

अमळनेरचे कागद घेऊन जळगाव सोडून धुळ्याला कशाला असं मला घरच्यांनीही विचारलं. मलाही तिथे गेल्यावरच कळलं की 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला, नंतर पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले आणि अमळनेर पूर्वेत, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात गेलं. म्हणजे त्याच्या आधीचा काही जोडकागद शोधायचा असेल तर अमळनेरच्या माणसालाही आधी धुळ्याचा विचार करावा लागतो. हे कोणत्याच एजंटने मला सांगितलं नव्हतं. आणि धुळ्यात या कामाचा वारसाच आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत फिरले आणि 1926 च्या 31 डिसेंबरला धुळ्यातच गेले, त्यानंतर लगेच 1927 मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं.

आता काम कसं करतात ते सांगते कारण मी दिवसभर बसून बघितलंय. टेबलावर पांढरं कापड. एक ताई, ज्यांचं अख्खं आयुष्य रेकॉर्ड रूममध्ये गेलंय आणि आता रिटायर आहेत, त्या मऊ ब्रशने एकाच दिशेने धूळ झाडतात, मधून कडेकडे, उलटं कधीच नाही. मग शाईच्या अगदी कोपऱ्यावर टिंबाएवढा पाण्याचा थेंब सोडून लगेच टिपकागदाने टिपून बघतात शाई पसरते का. माझ्या मोडी कागदांवर काजळीची शाई होती ती हलली नाही पण नंतरच्या काळातल्या निळ्या शाईच्या पावत्या पसरायला लागल्या, त्यांना मग पाणी लावलंच नाही, नुसतं दोन कागदांत दाबून सरळ केलं. फाटलेल्या जागी मागून जाळीसारखा पातळ टिश्यू आणि गव्हाची खळ, एवढी पातळ की मला ती ताकच वाटली. ही खळ पुढे कधी काढायची झाली तर ओलसर करून काढता येते, आपण जे केलं ते आपल्यानंतरच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे असं त्या म्हणतात. मी मधेच एक घडी उलगडायला गेले तर लगेच, "घाई करू नको वं माय, तुटी जाई!"

वाचायला दोघी बसतात. एक मोठ्याने वाचते, दुसरी लिहिते, आणि तिसरी नंतर मूळ कागदाशी पडताळते. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहिलेली असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे एकाच माणसाने घाईत वाचलं की नावं चुकतात.

आणि इथेच माझा कागद निघाला. शके 1806 चं गहाणखत, म्हणजे 1884-85 चं. हे मी आधी एकाकडून नुसत्या फोटोवरून वाचून घेतलं होतं, पैसे पण बरेच दिले होते, त्याने खाली "सही" एवढंच लिहून दिलं. ताईंनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या खाली बघ. एक छोटासा गोल होता, मला वाटलं शाईचा डाग असेल. तो डाग नव्हता, ती बांगडी होती. लिहिता न येणारी माणसं आपापली खूण काढायची, शेतकरी नांगर काढायचा आणि बाई बांगडी, आणि शेजारी "निशाणी बांगडी" असं स्पष्ट लिहिलंय, त्याच्या वर नाव, सखूबाई भ्रतार (म्हणजे नवरा) अमुक. माझ्या आजीची आजी. तिच्या नावावर शेत होतं आणि ते तिने स्वतः गहाण ठेवलं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आमच्या वंशावळीत तर तिचं नावच नाही, फक्त पुरुषांची ओळ आहे. त्या गोलाच्या दोन्ही टोकांत जरा अंतर राहिलंय, जुळलेली नाहीत, हात थरथरला असेल. मी भिंग बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

मला तिथल्या तिथे आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवल्या. त्यांनाही लिहिता येत नव्हतं, मुलाने आणि त्याच्या मावसभावाने ओव्या उतरवून ठेवल्या म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघालं, त्या तर 1951 मध्येच गेल्या होत्या. कुणी उतरवून घेतलं नाही अशा किती बाया असतील.

म्हणून या ताई जी यादी करून देतात ती मला सगळ्यात मोलाची वाटते. कागदात जिथे जिथे बाईचं नाव येतं, भ्रतार, कोम, मर्द असे कुणाची बायको ते सांगणारे शब्द लागून येतं, ती नावं त्या वेगळी काढून देतात, गावासकट, सालासकट. माझ्या साठ कागदांत अकरा बायका निघाल्या.

आता या एकत्र कशा आल्या ते पण लिहिते. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो म्हणून सगळे जुन्या दप्तरांवर तुटून पडले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. यातल्या चौघी तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी कंत्राटावर वाचत होत्या. कुणाला पानामागे पैसे, कुणाला दिवसाचे, शेजारी बसून तेच काम करणाऱ्या पुरुषाला जास्त, धुळीत मास्क नाही, एका ठिकाणी तर बायकांसाठी साधं बाथरूम नव्हतं, आणि वाचलेल्या कागदावर सही भलत्याच माणसाची. एकमेकींना फोन करून रेट विचारायला लागल्या तेव्हा कळलं की प्रत्येकीला वेगळं सांगितलं जातंय. तिथून ठरलं की एकच रेट, प्रवासखर्च वेगळा, मास्क-हातमोजे काम देणाऱ्याचेच, आणि लिप्यंतराखाली वाचणारीचं नाव. जुन्या कागदात शेवटी लिहिणारा "दस्तुर अमुक", म्हणजे अमक्याचं हस्ताक्षर, असं लिहायचा ना, अगदी तसंच माझ्या कागदांच्या लिप्यंतराखाली "दस्तुर" लिहून दोघींची नावं आहेत. सुरुवातीला काही कामं हातातून गेली, स्वस्तात करणारे मिळतातच. तरी एकीनेही रेट मोडला नाही.

त्यातली सगळ्यात लहान ताई लायब्ररी सायन्स शिकलेली आहे, तिने मला चहा पिताना बरंच सांगितलं. अमेरिकेत दप्तर सांभाळणाऱ्यांची संघटना 1936 मध्ये झाली, तिच्या पहिल्या उपाध्यक्ष मार्गारेट क्रॉस नॉर्टन या बाईच होत्या, इलिनॉय राज्याचं दप्तर त्यांनी 1922 पासून 1957 पर्यंत सांभाळलं, आणि तरीसुद्धा 1970 च्या दशकात तिथल्या बायकांना पगार आणि पदांसाठी आपली वेगळी समिती उभी करावी लागली. त्याच्याही आधी 1935 मध्ये तिथल्याच इतिहासकार मेरी बिअर्ड आणि शांततेसाठी काम करणाऱ्या रोझिका श्विमर यांनी फक्त बायकांचे कागद जमवायला एक केंद्र सुरू केलं होतं, कागद नाहीत तर इतिहास नाही हे त्याचं ब्रीद, पण पैशाअभावी 1940 मध्ये बंद पडलं. आपल्याकडे मुंबईत 1988 पासून स्पॅरो हे बायकांच्या आवाजांचं, फोटोंचं, कागदांचं संग्रहालय चालू आहे. ती म्हणाली, "ताई, काम कुणी बघत नाही तोवर ते फुकट मागतात, म्हणून आम्ही एकत्र बसतो." मला हे फार पटलं.

अर्धा स्टार का कापला ते पण सांगते. तीन आठवडे म्हणाल्या आणि सात लागले, त्यात मधे दोनदा मीच फोन केला तेव्हा कळलं. फोन फक्त अकरा ते एक उचलतात. जिना फार उभा आहे, माझ्या आईला चढता आला नाही. स्कॅनच्या फाइलींना नुसते आकडे दिलेत, कोणता कागद कोणता ते मला परत जुळवत बसावं लागलं, हे त्यांना सांगितलंय आणि सुधारतो म्हणाल्या. खर्चाचं म्हणाल तर मला पानाला दीडशे रुपये वाचनाचे आणि दुरुस्तीचे कागद बघून वेगळे लागले. महाग वाटेल पण घासाघीस करू नका, तिघींचे तास आहेत त्यात.

कोर्टात किंवा दाखल्यासाठी द्यायचं असेल तर आधीच सांगा, त्याची पद्धत वेगळी असते आणि कुठे चालेल कुठे नाही ते त्या खरंखरं सांगतात, खोटी आशा लावत नाहीत. कागद नेताना घडी घालून पर्समध्ये नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून सुती दोऱ्याने सैल बांधा आणि मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी तर अजिबात धरू नका, आपल्याकडच्या उन्हात कागद आणखी कडक होतो. आणि रुमालाचं जुनं फडकं फेकू नका, माझ्याच्या आतल्या बाजूला गावाचं नाव लिहिलेलं निघालं.

आजीच्या माहेरचा, पारोळ्याकडचा दुसरा रुमाल मामाच्या माळ्यावर आहे असं कळलंय. येत्या गुरुवारी तो घेऊन परत जातेय, कुणाला सोबत यायचं असेल तर सकाळच्या गाडीने निघू.